दिवाळी संपली, गाव रिकामं झालं: विदर्भातल्या खेड्यात पहिला हिवाळा काढणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपते. धामणगाव किंवा बडनेऱ्याला उतरून एसटीने तालुक्याला, तिथून काळीपिवळीने गावाला पोचता. घरून आणलेला चिवडा आठवडाभर पुरतो. शेजारपाजारचे पुण्या-सुरतेला कामाला असलेले मुलगे परत गेलेले असतात, माहेरपणाला आलेल्या लेकी सासरी गेलेल्या असतात आणि उरलेलं गाव सकाळपासून वावरात कापूस वेचायला. सहा वाजता अंधार. भाड्याच्या खोलीत तुम्ही, एक ट्यूबलाइट आणि फोन.

पवित्र पोर्टलमधून इकडे नेमणूक मिळालेले शिक्षक, नवे ग्रामसेवक, तलाठी, बँकेतले कर्मचारी, उपकेंद्रातल्या सिस्टर आणि लग्न होऊन दुसऱ्या टोकाहून इथे आलेल्या मुली, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी सांगली जिल्ह्यातून यवतमाळ जिल्ह्यात शिक्षिका म्हणून आले आणि इथलीच झाले. नोव्हेंबर लागला की नव्या लोकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, काहीच करावंसं वाटत नाही, बदलीचा अर्ज टाकू का?" जरूर टाका. पण बदली व्हायची तेव्हा होईल, डिसेंबर आणि जानेवारी त्याआधी काढायचे आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इथल्या हिवाळ्यात उन्हाची कमतरता नाही. कमी पडते ती संध्याकाळची सोबत. त्यामुळे खोलीत बसून करायचे उपाय थोडे आणि खोलीबाहेरचे जास्त.

१. नेमकं काय होतंय ते आधी ओळखा

हिवाळ्यात येणाऱ्या उदासीला आजार म्हणून नाव मिळालं ते १९८४ साली, अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. झोप वाढते, गोड आणि पिठूळ खायची ओढ लागते, अंग जड होतं, माणसं नकोशी वाटतात. उजेडाचे तास खूप कमी होतात अशा उत्तरेकडच्या देशांत तो जास्त आढळतो. ओस्लोमध्ये डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो. नागपुरात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळजवळ १० तास ५० मिनिटांचा असतो. तेव्हा इंटरनेटवर दोन लेख वाचून 'मला तोच आजार झालाय' असं ठरवू नका.

इथे आलेल्यांचं बहुतेक वेळा वेगळंच असतं. सणाच्या गर्दीतून एकदम एकट्या खोलीत येणं, थंडीमुळे सकाळी उशिरा उठणं, चालणं बंद होणं, पाणी कमी पिणं आणि संध्याकाळी साडेपाच ते झोपेपर्यंत करायला काही नसणं. हे सगळं सवयींनी सुटतं आणि याच लेखात ते आहे.

मात्र सततचा थकवा मनाचाच असेल असं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता यांतही माणूस असाच गळून जातो. इकडे, विशेषतः पूर्व विदर्भात, सिकलसेलचं, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे. थंडी लागली आणि पाणी कमी गेलं की सिकलसेलच्या रुग्णाला हाडं-सांधे दुखण्याचा जोरदार झटका येऊ शकतो. तुम्ही इथल्या सुनबाई असाल किंवा वर्गात मुलं शिकवत असाल, तर हे माहीत असायलाच हवं. थंडीत वारंवार हातपाय दुखतात म्हणून गैरहजर राहणारा मुलगा आळशी असेलच असं नाही. त्याच्या आईला एकदा तपासणीचं विचारा.

२. सामान: पहिली थंडी पडण्याआधी

बाहेरच्यांना वाटतं विदर्भ म्हणजे उन्हाळा. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. दर वर्षी एवढं होत नाही, पण किमान तापमान दहाच्या खाली जाणं नेहमीचं. दुपारी मात्र २७-२८ अंश. एकाच दिवसात स्वेटर आणि सुती सदरा दोन्ही लागतात, म्हणून एक जाडजूड जॅकेट घेण्यापेक्षा एकावर एक घालायचे पातळ कपडे बरे.

हे जवळ ठेवा:

- एक जाड गोधडी आणि तिच्या आत घ्यायला सुती चादर
- कानटोपी किंवा स्कार्फ, दोन जोड मोजे
- चांगली बॅटरी, चार्जिंगची. मोबाइलच्या उजेडावर रात्री गावात फिरू नका
- थर्मास
- खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, टाचा फुटतात
- पिवळ्या उजेडाचा एक एलईडी बल्ब
- साधी वही

स्वेटरसाठी नागपूरला गेलात तर दर हिवाळ्यात तिबेटी लोकांची दुकानं लागतात, तिथे बघा. (हे लोक काही फार लांबून येत नाहीत असं समजलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची मोठी वसाहत आहे.) गोधडी मात्र गावातच शिवून घ्या. जुन्या साड्या द्या, शिवणाऱ्या मावशींना दिवाळीआधीच सांगा. वेचणी सुरू झाली की त्यांना सुईला हात लावायला फुरसत नसते.

३. खोली दिवसा तापवा, संध्याकाळी झाका

टिनाचं छत दिवसा जितकं तापतं तितकंच रात्री गार पडतं. निवड करायला मिळाली तर मातीच्या भिंतींची, कवेलूची (कौलारू) खोली घ्या, दिसायला जुनी असली तरी. नाही मिळाली तर एवढं करा.

सकाळी अकरा ते चार खिडक्या-दारं उघडी. निघताना गादी आणि गोधडी अंगणातल्या बाजेवर टाका आणि शेजारच्या काकूंना सांगून जा. चार-साडेचारला ती आत आलीच पाहिजे. दव उतरायला लागल्यावर उचललेली गोधडी रात्रभर ओलसर लागते, आणि वेळेवर उचललेली नऊ वाजताही हाताला ऊबदार लागते. तिला एक कोरडा, उन्हाचा वास असतो. त्या वासात झोप लवकर लागते असा माझा अनुभव आहे, विज्ञान काय म्हणतं ते म्हणो.

बाज भिंतीपासून हातभर लांब ठेवा. निवारीच्या बाजेवर झोपत असाल तर थंडी खालून येते, वरून कितीही पांघरा. गादीखाली जुनी सतरंजी किंवा धुऊन वाळवलेली पोती घाला. भंडारा-गोंदियाकडे लोक तणस (भाताचा पेंढा) पसरतात, तेही छान.

संध्याकाळी पांढरी ट्यूब बंद करून पिवळा बल्ब लावा. खोली बरी वाटते, हा एक फायदा. झोपेच्या वेळी डोळ्यांवर कमी प्रखर उजेड पडतो, हा दुसरा.

४. ऊन: दोन वेळा, दोन कामांसाठी

सकाळचं ऊन शरीराच्या घड्याळासाठी. जानेवारीत सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो. साडेसात ते साडेआठमध्ये वीस-तीस मिनिटं बाहेर असा. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं उघड्यावर असायचं. आकडे सांगते म्हणजे पटेल. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड साधारण दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. उदासीच्या उपचारासाठी परदेशात जे खास दिवे वापरतात ते १०,००० लक्सचे, त्यांच्यासमोर रोज अर्धा तास बसायचं असतं. आपल्या अंगणात ऊन चढलं की पन्नास हजारांच्या वर जातं, आणि फुकट. तसले दिवे ऑनलाइन मागवायच्या भानगडीत पडू नका.

दुपारचं ऊन ड जीवनसत्त्वासाठी. त्यासाठी लागणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फार कमी असतात. अकरा ते दोन ही वेळ. डिसेंबरात इथे भर दुपारी सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढी पडते, यापेक्षा लांब पडायला लागली की त्या उन्हाचा ड जीवनसत्त्वासाठी उपयोग कमी. हात, चेहरा, शक्य तर पाय उघडे हवेत. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन या कामाला चालत नाही. सावळ्या कातडीला वेळ थोडा जास्त लागतो.

नोकरी सांभाळून कसं जमवायचं? शिक्षक असाल तर परिपाठ आणि पहिला तास मैदानात घ्या, मुलांना हवंच असतं. ग्रामपंचायत किंवा बँकेत असाल तर डबा बाहेर ओट्यावर खा. सुट्टीच्या दिवशी पांदण रस्त्याने तासभर चालून या. कुणाच्या तरी वावराशी थांबलात की "का करून राहिले मॅडम इकडे?" अशी हाक येते आणि परतताना ओंजळभर बोरं हातात असतात. चालणं, ऊन आणि बोलणं, तिन्ही कामं एका फेरीत होतात.

५. जेवण: सध्या वावरात जे निघतंय ते

हिवाळा हा इथला खायचा काळ आहे, आणि नवीन माणूस तो बिस्किटं आणि मॅगीवर घालवतो. एकट्यासाठी कोण करत बसणार, हे कारण मलाही माहीत आहे. म्हणून कमी कष्टाचं तेवढंच सांगते.

तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडा. संध्याकाळी चहाऐवजी त्या सोलत बसा. पोट भरतं, प्रथिनं मिळतात आणि हात गुंतलेले असल्यामुळे फोन बाजूला राहतो. त्याच शेंगांचे दाणे म्हणजे सोले. ते हिरवी मिरची आणि लसणासोबत जाडसर ठेचून तेलात परतायचे, वर वांग्याच्या फोडी आणि पाणी. सोलेवांगे झाले. सोबत ज्वारीची भाकर. भाकर थापता येत नसेल तर शेजारी शिका. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी हसतात, दुसऱ्या दिवशी स्वतःच उंडा पुढे सरकवतात.

जवसाची चटणी एकदा केली की दोन आठवडे पुरते. जवस कोरडे भाजायचे, तडतड थांबली की उतरवायचे. सुक्या मिरच्या, लसूण, जिरं, मीठ घालून कुटायचे. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ भरपूर असतं, पण अख्खे दाणे पोटातून तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटलेलेच खा. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, मेथी, आवळा, पेरू, संत्री हे सगळं आठवडी बाजारात याच दिवसांत स्वस्त असतं. डिंकाचे लाडू घरून पाठवतील ते दिवसाला एक, चार नव्हे.

पाणी. तहान लागत नाही म्हणून दिवसभरात दोन ग्लासांवर भागवणारे लोक मी बघते, मग डोकं दुखतं आणि पोट साफ होत नाही. थर्मासमध्ये कोमट पाणी भरून टेबलावर ठेवा, ते संपलं पाहिजे. चहा चारनंतर बंद. इथे हा नियम पाळणं अवघड आहे, कारण प्रत्येक घरी चहा पुढे येतो. "अर्धा द्या जी" म्हणायला शिका.

६. साडेपाच ते नऊ: खरी लढाई इथे आहे

सकाळ आणि दुपार नोकरीत जाते. माणूस खचतो तो संध्याकाळी. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या पुढेमागे मावळतो, आणि झोपायला किमान नऊ वाजायला हवेत. हे साडेतीन-चार तास तुम्ही खोलीत काढायचे ठरवले तर वरचे सगळे उपाय वाया जातील. वहीत आठवड्याचे सात वार लिहा आणि प्रत्येक वारासमोर एक ठिकाण किंवा एक माणूस लिहा. रिकामा वार ठेवायचा नाही. पर्याय बघा.

सामुदायिक प्रार्थना. बऱ्याच गावांत श्रीगुरुदेव सेवा मंडळ आहे. तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली प्रार्थना सूर्यास्ताच्या वेळी होते, मग खंजेरीवर भजनं. कोणालाही बसता येतं, कुणी जात-गाव विचारत नाही. तुम्ही देव मानता की नाही याच्याशीही याचा संबंध नाही. वीस माणसं एका सतरंजीवर, एका सुरात अर्धा तास बसतात, मनाला बरं वाटायला तेवढं पुरे. काही गावांत हेच काम बुद्ध विहारातली संध्याकाळची वंदना करते. तिथे वाचनालय असेल तर दुहेरी सोय.

शेकोटी. चौकात किंवा कुणाच्या ओट्यासमोर पऱ्हाट्या-तुराट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या) पेटतात. "खोलीत काय बसता सर, या ना शेकाले." बोलावणं आलं की जा, नाही आलं तरी जा. गावातल्या सगळ्या बातम्या तिथे कळतात: कापसाला काय भाव निघाला, कुणाच्या वावरात रानडुकरं शिरली, कुणाची मुलगी पोलीस भरतीत लागली. पुरुषांसाठी हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. धूर मात्र तोंडावर घेऊ नका, दमा असेल तर लांब बसा.

बायकांचं थोडं वेगळं आहे. चौकातली शेकोटी बहुधा पुरुषांची असते आणि एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेने किंवा सिस्टरने तिथे जाऊन बसणं गावाला रुचतंच असं नाही. यावर भांडत बसण्यापेक्षा मी दुसरी जागा धरली: शेजारची चूल. संध्याकाळी आपली भाजी चिरायला घ्यायची आणि ताट घेऊन त्यांच्या चुलीपाशी जायचं. बचत गटाची बैठक असेल त्या दिवशी हिशेबाच्या वहीला मदत करा, गटाला लिहिणारं माणूस कायम हवं असतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी येतात. एकही चुकवू नका. वाण म्हणून मिळालेल्या प्लास्टिकच्या डब्या-चाळण्यांचं पुढे काय करायचं हा प्रश्न मात्र मला आजतागायत सुटलेला नाही. विधवा आणि एकट्या बायकांना आपल्या खोलीवर आवर्जून बोलवा. त्यांची संध्याकाळ तुमच्याहून लांब असते.

मैदान. हिवाळ्यात गावोगाव कबड्डीचे खुले सामने होतात, रात्री फोकस लावून. खेळता येत नसेल तर गुण लिहायला बसा. तरुण पोरं सकाळी भरतीसाठी धावतात, त्यांच्यासोबत चाला.

अभ्यासिका. शाळेची एक खोली सहा ते साडेसात उघडी ठेवा. दहावी-बारावीची मुलं येतात, कारण घरी एकाच खोलीत टीव्ही चालू असतो. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला आधी विचारा, मुलींना घरी सोडायची जबाबदारी पालकांपैकी कोण घेणार ते ठरवून घ्या.

आणि तुमची नेमणूक भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोलीत असेल तर तुम्ही नशीबवान. दिवाळीनंतर तिथे मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात, दंडार हे लोकनाट्य असतं, आणि झाडीपट्टी (याच भागाचं नाव) नाटकांचा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गोधडी घेऊन जा, शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरमध्ये जागा मिळवा, दुसऱ्या दिवशीची रजा आधी टाका. रोज जाण्याची ही गोष्ट नाही, पण हंगामात एकदा तरी जाच.

घरच्यांचा फोन कधी? संध्याकाळी सात ही वेळ बांधून घ्या. रात्री अकराला गोधडीत पडून केलेल्या फोनवर दोन्ही बाजूंनी रडूच येतं.

७. झोप

रोज एकाच वेळी उठा, रविवारीही. झोपायची वेळ तासभर मागेपुढे झाली तर चालेल. दुपारी डुलकी घ्यायची तर अर्ध्या तासाच्या आत, तीनच्या आधी.

शेतीच्या घरात आलेल्या सुनांसाठी वेगळं लिहावं लागेल. शेतीच्या फिडरला (वीजवाहिनीला) आठवड्यात काही दिवस वीज दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, म्हणून गहू-हरभऱ्याचं ओलित (पाणी देणं) रात्री, आणि रानडुकरं-रोही (नीलगाय) येतात म्हणून जागल, म्हणजे रात्रीची राखण. घरचा माणूस आठवड्यात दोन-तीन रात्री वावरात असतो आणि दिवसा चिडचिड करतो. ती चिडचिड बहुतेक वेळा तुमच्यावरची नसते, अर्धवट झोपेची असते. रात्रपाळीनंतर सकाळी अंधार केलेल्या खोलीत सलग चार तास झोप मिळू द्या, दुपारी तासभर आणखी. ओलिताला जाताना गमबूट आणि बॅटरी हवीच. बाकी साप थंडीत मंदावतात, पण घोणस या दिवसांत फिरते.

८. इथे हमखास फसगत होते

खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून बनतो, आणि पानठेल्यावर ओळख वाढवायचं ते सगळ्यात सोपं साधन आहे. नवीन सर थंडीत 'जरा तरतरी येते' म्हणून सुरू करतात. निकोटीनमुळे झोप बिघडते, तोंडाच्या कर्करोगाचं तर सांगायलाच नको. ठेल्यावर जा, गप्पा मारा, खर्रा नाकारा. दोन-चार दिवस चिडवतात, मग सोडून देतात.

दारू. 'थंडीत दोन घोट घेतले की ऊब येते.' येते ती कातडीला. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे गरम वाटतं आणि प्रत्यक्षात शरीर जास्त वेगाने गार पडतं. झोप लागते पण मध्यरात्रीनंतर मोडते, आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी उतरतं. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे कायद्याने दारूबंदीचे आहेत. तिथे चोरून मिळणारी दारू काय प्रतीची असेल याचा विचार करा.

बंद खोलीत शेगडी. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला कळतही नाही. शेकायचं ते बाहेर. विझत आलेले निखारेही आत आणायचे नाहीत.

पाणी तापवायचा रॉड. बादलीत हात घालण्याआधी बटण बंद आणि पिन बाहेर. लोखंडी बादली अजिबात नको. शक्य असेल तर शेजारच्या चुलीवरचं पाणी घ्या, बदल्यात एखाद्या वेळी सरपण आणून टाका.

ड जीवनसत्त्वाची पावडर. औषधाच्या दुकानात ६०,००० युनिटची पुडी सहज मिळते आणि लोक मनानेच दर आठवड्याला महिनोन् महिने घेतात. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास होतो. डॉक्टरांनी लिहून दिली तरच आणि तितकीच घ्या.

दर शनिवारी घरी पळणं. दीड दिवस प्रवासात, अर्धा दिवस आईजवळ, सोमवारी पुन्हा तीच खोली. त्यापेक्षा महिन्या-दीड महिन्याने जोडून सुट्टी काढा आणि मधले रविवार इथे घालवा. इथले रविवार इथे घालवल्याशिवाय गाव तुमचं होत नाही.

९. दवाखान्यात केव्हा आणि काय घेऊन

दोन आठवडे झाले, जवळजवळ रोज मन खिन्न आहे, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, झोप-भूक बिघडलीये, कामावर लक्ष लागत नाही, तर सवयींवर विसंबून राहू नका. आणि जगणंच नको असे विचार आले तर दोन आठवडे, दोन दिवस काही बघायचं नाही, त्याच क्षणी कुणाला तरी सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. राज्याची आरोग्य मदतवाहिनी १०४. जिवाला तातडीचा धोका असेल तर १०८ ला रुग्णवाहिका बोलवा. खोलीत नेटवर्क येत नसेल तर गावात ते कुठे येतं हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. आमच्याकडे पाण्याच्या टाकीपाशी येतं.

पहिली पायरी आशाताई किंवा उपकेंद्र, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर. दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्र: हिमोग्लोबिन तपासून घ्या, थायरॉइड आणि बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारा. मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतात. जिल्हा रुग्णालय, यवतमाळ-अकोल्यासारख्या ठिकाणची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी, नागपूरला मेडिकल, मेयो, एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला दचकू नका. तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे, तपासून, गोळ्या घेऊन लोक त्याच दिवशी घरी येतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथे थोडं शुल्क लागू शकतं.

सोबत न्यायचं: आधार कार्ड, आभा क्रमांक (आरोग्याचा डिजिटल ओळख क्रमांक) असेल तर तो, नोंदणी लवकर होते, रेशन कार्डाची झेरॉक्स, आधीचे रिपोर्ट आणि चिठ्ठ्या, चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि ती वही. तिच्यात मागच्या दोन आठवड्यांची झोपेची वेळ, उठायची वेळ आणि त्या दिवशी मन कसं होतं ते एकेका शब्दात लिहून न्या. ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. तोंडी सांगताना आपण 'तसं बरंय' म्हणून मोकळे होतो, वही तसं करत नाही.

सरकारी नोकरीत असाल तर एक भीती असते: कळलं तर लोक काय म्हणतील. रजेच्या अर्जावर 'वैद्यकीय कारण' एवढं लिहिलं तरी चालतं. जाताना एकटे जाऊ नका, शक्य असेल तर सोबतच्या शिक्षिकेला किंवा शेजाऱ्यांना घ्या.

गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्याआधी 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. फेब्रुवारीच्या शेवटी इथे पंखा लावायची वेळ येते, पळस फुलतो, आपोआप बरं वाटायला लागतं, आणि नेमक्या तेव्हाच लोक गोळ्या मनाने थांबवतात. त्या कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. पुढची तारीख मागताना तालुक्याच्या बाजाराचा वार सांगा. त्या दिवशी गावातून गाड्या जास्त सुटतात आणि सोबतही मिळते.